मागे न केलेले घड्याळ



आमच्या घरात एकाच घड्याळाची सत्ता चालते. ते म्हणजे ह्यांच्या मनगटावरचे. ह्यांचा सारा जन्म एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून गेला. गाडी दोन मिनिटे उशिरा सुटली तर ह्यांना अन्न गोड लागत नसे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेले ते घड्याळ आंघोळीपुरतेच हातातून उतरते.

मागच्या जुलैच्या अखेरीस आम्ही दोघे लेकीकडे लंडनला गेलो. ती तिथे नर्स आहे. नातीच्या शाळेला सुट्टी लागली होती आणि इकडे आमच्या पेरण्या आटोपल्या होत्या. धावड्याहून भोकरदन, भोकरदनहून जालना, तिथून रेल्वेने मुंबई. सोबत मिरचीचा ठेचा, ज्वारीचे पीठ आणि ह्यांच्या साखरेच्या गोळ्या. विमान सकाळी साडेसहाला सुटले. दहा तास बसून बसून माझे पाय सुजले. लेकीने बजावले होते की तासा-दोन तासाला उठून चार पावले चालायचे आणि पाणी पीत राहायचे. मी चालले. हे मात्र खिडकीपाशी बसून घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ घालत होते, आणि तो काही बसत नव्हता.

उतरलो तेव्हा ह्यांच्या घड्याळात दुपारचे साडेचार आणि तिथल्या भिंतीवर बारा! "हे कसलं टायमिंग?" असे म्हणून ह्यांनी भिंतीलाच दोष दिला.

यात कोडे काही नाही. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश. आपल्या देशाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवरून धरतात आणि इंग्लंडची शून्य अंशाच्या रेषेवरून. म्हणून फरक साडेपाच तासांचा. उन्हाळ्यात ते लोक आपली घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा तो साडेचारावर येतो. (आपले धावडे मिर्झापूरच्या बरेच पश्चिमेला आहे, त्यामुळे आपल्या गावात सूर्य घड्याळाच्या मागे साधारण पंचवीस मिनिटे असतो. ते आपल्याला कधी जाणवत नाही, ही गोष्ट वेगळी.) पश्चिमेला उडणारे विमान सूर्याच्या पाठीमागे धावते, म्हणून दिवस लांबतो. आमच्या दहा तासांत सूर्य जेमतेम पाच तासांची वाट चालला होता.

घरी पोचेपर्यंत तिथले साडेतीन झाले. ह्यांच्या घड्याळात रात्रीचे आठ. आठ म्हणजे रात्रीची गोळी! लेक स्वयंपाकघरात होती, मी बॅगा उघडत होते. ह्यांनी चहासोबत एक बिस्किट खाल्ले आणि गोळी घेतली. "जेवायला वाढू का बाबा?" असे लेकीने विचारले तर म्हणाले, "दिवसाढवळ्या रात्रीचं जेवण कसं करायचं? अंधार पडू दे." तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळतो नऊच्या सुमारास! हे सोफ्यावर आडवे झाले आणि डोळा लागला.

साडेसहाच्या सुमारास नात ओरडली, "आजी, आजोबा बघ कसं करतायत!" अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. मला घरचाच माणूस परका वाटला. माझ्या मनात आले, झटका आला. लेकीने धावत येऊन बोटाला सुई टोचली. साखर 54. तिने पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून हळूहळू पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली आणि मग वरण-भात भरवला. ती म्हणाली, "आई, शुद्धीवर होते म्हणून पाजता आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, सरळ अॅम्ब्युलन्स बोलवायची."

चूक गोळीची नव्हती. काही गोळ्या अंगातले इन्सुलिन वाढवतात. ती गोळी घेतली की तिला अन्न लागतेच. ह्यांनी गोळी धावड्याच्या घड्याळाने घेतली आणि जेवण लंडनच्या सूर्यावर सोडले. मधल्या तासांत साखर उतरली. इन्सुलिनची सुई घेणाऱ्याने तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे की दिवस इतक्या तासांनी लांबणार, तर मात्रा कशी घेऊ. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी, आणि तिच्यावर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे.

नंतरचे दोन दिवस आम्ही दोघे पहाटे तीनला टक्क जागे. शरीरालाही स्वतःचे घड्याळ असते. पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या माश्यांवर अभ्यास करून ते कसे चालते हे हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उलगडले, त्याबद्दल त्यांना 2017 चे नोबेल मिळाले. हे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते. उजेड पाहून सरकते, म्हणून लेक आम्हाला संध्याकाळच्या उन्हात बागेत नेऊन बसवी. बहुतेक माणसांचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असते, त्यामुळे पश्चिमेला जाणे त्या मानाने सोपे. परतताना आम्ही आठवडाभर उलटेसुलटे होतो, शेजारीण दुपारी बाराला येऊन पाहते तर मी झोपलेली!

तिसऱ्या दिवशी किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरापुढे उभे राहिलो. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घर घेतले. पायऱ्यांवर ह्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "साहेबांना असा त्रास झाला असेल का गं?" मी लेकीकडे पाहिले. ती म्हणाली, बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले ते बोटीने. पश्चिमेला जाणाऱ्या बोटीवर घड्याळाचे काटे थोडेथोडे करून मागे घेतात, त्यामुळे शरीर बोटीबरोबरच चालत राहते. विमान एका दिवसात नेते आणि शरीर मागे राहते. हे ऐकून ह्यांनी मनगटावरचे घड्याळ काढले आणि नातीच्या हातात दिले. "कर बाई मागे."

आता डिसेंबरात माझ्या नणंदबाई मुलाकडे अमेरिकेला निघाल्या आहेत, न्यूयॉर्कला. तेव्हा तिथे साडेदहा तासांचा फरक. त्यांनाही साखर आहे. त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. कोणती गोळी कोणत्या जेवणासोबत हे मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिले, वेळ मात्र एकाही ओळीत लिहिली नाही. तो कागद ह्यांनी स्वतः त्यांच्या पासपोर्टमध्ये घालून दिला.