सेनापतीने बोलावे केव्हा?

सकाळी गोदाकाठाने एक फेरी मारून झाली की आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी चहाच्या टपरीवर टेकतो. तिथे विषयांना तोटा नसतो. परवा कुणीतरी अमेरिकेतल्या सेनाधिकाऱ्यांचा विषय काढला. अध्यक्षांच्या शेजारी बसून काम केलेली ही मोठी माणसे, पण खुर्ची सुटली की त्याच अध्यक्षांचे वाभाडे काढणारी पुस्तके लिहितात, मुलाखती देतात. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक उसळून म्हणाले, "अहो, नोकरीत होते तोवर मूग गिळून बसले आणि आता कंठ फुटला होय? बोलायचे तर तेव्हा बोलायचे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. तेव्हा बोलायचे हे खरे, पण कोणापाशी? आणि तेव्हा ते बोलले नव्हतेच, हे आपल्याला काय ठाऊक?

जॉन केली हे मरीन दलातले निवृत्त जनरल. २०१७ ते २०१९ या काळात ते डोनाल्ड ट्रम्प यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना, त्यांनी जाहीरपणे सांगितले की ट्रम्प हे फॅसिस्ट या शब्दाच्या व्याख्येत बसतात. एच. आर. मॅकमास्टर यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. या सेनाधिकाऱ्याने १९९७ मध्ये एक गाजलेले पुस्तक लिहिले. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी अमेरिकेच्या सेनाप्रमुखांनी अध्यक्ष जॉन्सन यांना स्पष्ट सल्ला दिला नाही, ते गप्प राहिले, असा त्यात ठपका होता. पुढे वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, तेच मॅकमास्टर ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. जेमतेम वर्षभर टिकले आणि २०२४ मध्ये त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. दुसऱ्यांच्या मौनावर बोट ठेवणाऱ्यालाही स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर कळले असणार की, खरे सांगणे ही एकट्या सांगणाऱ्याच्या हातातली गोष्ट नसते. त्यासाठी ऐकणाराही लागतो.

हे सारे दूरदेशीचे झाले. पण हाच प्रश्न आपल्या घरात, एका मराठी सेनापतीच्या बाबतीत, फार मोठी किंमत घेऊन गेला आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम ज्या माणसाकडे आले, तो संसदेत आपल्या नाशिकचा प्रतिनिधी होता.

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूरकडच्या वडगावचे. सँडहर्स्टला शिकलेले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी आपल्या पलटणीचे नेतृत्व केले आणि डीएसओ हा सन्मान मिळवला. कोरियातील युद्धानंतर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाची, म्हणजे ज्याला तेव्हा नेफा म्हणत त्या आजच्या अरुणाचलच्या सीमेची, जबाबदारी त्यांच्याकडे होती.

ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिनी सैनिकांशी चकमक झाली. त्यानंतर ऑक्टोबरात थोरातांनी दिल्लीला एक सविस्तर टिपण पाठवले. सीमेवर विखुरलेल्या लहानसहान चौक्या मोठ्या हल्ल्यापुढे टिकणार नाहीत. खरी फळी मागे, जिथवर रस्ता आणि रसद पोचते तिथे उभी केली पाहिजे. त्यासाठी इतके सैन्य, इतकी सामग्री लागेल, असा त्याचा आशय होता. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेतला. चिनी सैन्य कसे येईल, कुठे अडेल, कुठे घुसेल याचे जे चित्र त्यांनी तेव्हा मांडले, त्याच्याशी १९६२ चे प्रत्यक्ष चित्र बरेच जुळले.

त्या टिपणाचे काय झाले? थोरातांनी ते आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले. चीनशी युद्ध होणार नाही आणि तसे काही निघालेच तर ते राजनीतीने निभावता येईल, अशी मेनन यांची खात्री होती. टिपण तिथेच थांबले. निवृत्त होताना थिमय्यांनी आपल्या जागी थोरातांचे नाव सुचवले होते; पण मे १९६१ मध्ये नेमणूक झाली जनरल थापर यांची. थोरात घरी आले. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी आक्रमण झाले आणि महिन्याभरात तवांग, से ला, बोमडिला सारे गेले. सरकारी आकड्यांनुसार १३८३ जवान मृत्युमुखी पडले, सतराशेच्या आसपास बेपत्ता झाले आणि चार हजारांच्या घरात कैद झाले.

पराभवानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. हे टिपण मला का दाखवले नाही, असे पंतप्रधानांनी विचारले. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे थोरातांनी सांगितले. त्यावर पंडितजींनी मेनन यांचीच बाजू घेतली, असे थोरात लिहितात. हा वृत्तांत एका बाजूचा आहे, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही मला त्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती ही, की देशाच्या रक्षणासंबंधीचा एवढा मोलाचा कागद देशाच्या पंतप्रधानाला तीन वर्षांनी, पराभव झाल्यावर माहीत होतो.

मी उभी हयात बँकेत घालवली. कागद खालून वर कसा जातो हे मला ठाऊक आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. ऐन उमेदीच्या दिवसांत एका कारखान्याच्या कर्जाच्या प्रस्तावावर मी टिपण लिहिले होते. माल गोदामात दाखवला आहे तेवढा नाही, असा त्यात एक परिच्छेद होता. वरिष्ठांनी मला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "वरून मंजुरीची घाई आहे. एवढा परिच्छेद काढून टाका. फारतर 'मालाची पुन्हा पाहणी व्हावी' असे लिहा." मी काढला. आणखी वर गेल्यावर तेही वाक्य गळाले असावे. दोन वर्षांत ते कर्ज बुडीत गेले. चौकशीत मला कुणी विचारले नाही, कारण कागदावर माझा विरोध नव्हताच. माझ्या त्या परिच्छेदाने कुणाचा जीव गेला नाही, एवढेच समाधान. लष्करातल्या परिच्छेदांचे तसे नसते.

आता नेहरूंचीही बाजू पाहिली पाहिजे. ऑक्टोबर १९५८ मध्ये शेजारी पाकिस्तानात जनरल अयूब खान यांनी सत्ता बळकावली होती. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५९ ला, मेनन यांच्याशी न पटल्यामुळे थिमय्यांनी राजीनामा दिला आणि पंडितजींनी समजूत घातल्यावर मागे घेतला. लोकसभेत बोलताना नेहरूंनी ठणकावले की, या देशात मुलकी सत्ताच श्रेष्ठ राहील. ते योग्यच होते. आजूबाजूच्या देशांत एकामागून एक लष्करी राजवटी आल्या, आपल्याकडे आली नाही, याचे मोठे श्रेय नेहरूंकडे जाते. सेनापतींच्या आठवणींवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. नेफातल्या कोअरचे नेतृत्व करणारे जनरल कौल यांनीही १९६७ मध्ये पुस्तक लिहिले आणि दोष बहुतांशी इतरांवर टाकला.

पण मुलकी सत्ता श्रेष्ठ असणे निराळे आणि मुलकी सत्तेला अप्रिय ऐकू न येणे निराळे. निर्णय पंतप्रधानांचाच असावा. परंतु निर्णयापूर्वी सेनापतीचे पूर्ण म्हणणे, मधल्या कुणीही न छाटता, त्यांच्यापुढे यायला हवे. ज्या घरात वडिलांना वाईट बातमी सांगायची सोय नसते, त्या घरातली माणसे खोटारडी नसतात. ती फक्त गप्प होतात.

मेनन गेले आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावण्यात आले. २१ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा घराघरांत म्हटले गेले. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. ओझरच्या मिग कारखान्यामुळे नाशिककर त्यांना आजही आठवतात. पण माझ्या मते त्यांचे अधिक मोठे काम डोळ्यांना न दिसणारे आहे. संरक्षणमंत्री आणि तिन्ही दलांचे प्रमुख यांच्या नियमित सकाळच्या बैठका त्यांनी सुरू केल्या. मंत्री आणि सेनापती समोरासमोर बसू लागले, आणि मध्ये कागद अडकायची जागाच उरली नाही.

याचे फळ १ सप्टेंबर १९६५ ला दिसले. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले होते. विमानदल वापरण्याची परवानगी मागायला सेनाप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांकडे आले. त्यांनी ऐकून घेतले आणि काही मिनिटांत होकार दिला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. त्या निर्णयात धोका होताच. पण सांगणाऱ्यांना भीती नव्हती आणि ऐकणाऱ्याला संशय नव्हता.

१९७१ चे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. याच माणेकशांवर १९६२ च्या सुमारास निष्ठेबद्दल शंका घेऊन चौकशी बसवली गेली होती; त्यातून ते निर्दोष सुटले. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी इंदिराजींना सैन्य आज तयार नाही असे तोंडावर सांगितले, हा प्रसंग ते स्वतः पुढे अनेकदा सांगत. तपशिलाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण युद्ध एप्रिलमध्ये झाले नाही, डिसेंबरमध्ये झाले, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, याबद्दल मतभेद नाहीत.

असे असूनही एक कुलूप आपण उघडलेले नाही. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ ला संसदेत तिचे सार सांगितले, मूळ अहवाल मात्र बंद ठेवला. सैन्याचे मनोधैर्य तेव्हा नाजूक होते, म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण २०१० मध्येही, म्हणजे जवळपास अर्ध्या शतकानंतर, तो आजही संवेदनशील आहे असे उत्तर संसदेला मिळाले. २०१४ मध्ये त्याचा काही भाग उघड झाला, तो एका परदेशी पत्रकारामुळे. पुण्यात वाढलेले आपले माजी सेनाप्रमुख मनोज नरवणे यांचे आत्मचरित्र २०२४ च्या आरंभी येणार होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्यातल्या काही भागावर वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि ते संरक्षण खात्याच्या तपासणीत अडकले. गुप्तता राखायला हवी तिथे राखावी. पण सरकारे कोणत्याही पक्षाची असोत, सेनापतीच्या आठवणींचे भय मात्र सर्वांना सारखेच वाटते.

मी देवळाली कॅम्पच्या शाखेत होतो तेव्हा हयातीचा दाखला द्यायला सिन्नर तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार येत. तोफखान्यातले. ६२ साली नेफात होते. कॅनव्हासच्या बुटांवर आणि सुती कपड्यांवर त्यांनी ती थंडी काढली होती. तक्रार कधी केली नाही. एकदा मात्र सही करता करता म्हणाले, "सायेब, आमच्या कॅप्टनसायबाला ठाऊक होतं. त्याच्या वरच्यालाबी ठाऊक होतं. मग दिल्लीलाच कसं ठाऊक नव्हतं, एवढं सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. आज थोडेसे आहे. उद्या टपरीवर मुख्याध्यापकांना मी एवढेच सांगणार आहे की, सेनापतीचे पुस्तक हाती आले तर दोन गोष्टी पाहा. नोकरीत असताना त्याने लिहून काय दिले होते, आणि ते कुठल्या टेबलावर थांबले. पहिल्या प्रश्नातून सेनापती कळेल आणि दुसऱ्यातून राज्यकर्ता. थोरातांनी लिहून दिले होते. ते १९९२ मध्ये गेले. त्यांचे टिपण योग्य टेबलावर वेळेत पोचले असते, तर त्यांना ते आत्मचरित्रात लिहावे लागले नसते, आणि सिन्नरच्या त्या सुभेदारांना बँकेतल्या कारकुनी माणसाला असा प्रश्न विचारावा लागला नसता.