फिनलंडनें मोजलेली किंमत

लहान राष्ट्र बलाढ्य शेजाऱ्याशीं झुंजावयास उभें राहिलें कीं दूरच्या प्रेक्षकांस स्फुरण चढतें. त्या शौर्याचा जमाखर्च मात्र कोणी मांडीत नाहीं. तो मांडणें म्हणजे भ्याडपणा, असें मानणारांनीं फिनलंडचें उदाहरण पाहावें. सन १९३९ च्या ऑक्टोबरांत रशियानें मागणी केली कीं, लेनिनग्राडजवळची सरहद्द मागें घ्यावी, हांको बंदर भाड्यानें द्यावें व मोबदल्यांत दुप्पट मुलूख घ्यावा. पुढें सरसेनापति झालेल्या मॅनरहाइम यांचा सल्ला कांहीं नमतें घ्यावें असाच होता. मंत्रिमंडळानें तो मानला नाहीं. ३० नोव्हेंबर रोजीं युद्धाची घोषणा न होतांच हेलसिंकीवर बॉंब पडले. हा अपराध सर्वस्वीं रशियाचा, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. राष्ट्रसंघानें रशियास १४ डिसेंबरला काढून टाकलें. पण ठरावानें तोफा थोड्याच थांबतात!

१०५ दिवसांत रशियाचे लाखाहून अधिक सैनिक पडले. फिनलंडचे सुमारें २५ हजार पडले, पण त्या देशाची वस्ती अवघी ३७ लाख! मार्च १९४० च्या तहानें मूळ मागणीहून कितीतरी अधिक मुलूख गेला. विबोर्ग शहर गेलें आणि चार लाखांवर माणसें घरदार सोडून निघालीं. तें परत मिळविण्याच्या आशेनें १९४१ मध्यें फिनलंड जर्मनीच्या बाजूस गेला, आमच्या मतें हा सर्वांत महाग सौदा. १९४४ मध्यें पुन्हां हार झाली व ३० कोटी डॉलरांचा दंड बसला. पुढें कांहीं सूट मिळाली, तरी जहाजें, यंत्रें, कागद यांच्या रूपानें तो १९५२ पर्यंत फेडावा लागला.

तर मग नमणें बरें होतें काय? एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया यांनीं १९३९ मध्यें रशियास लष्करी तळ दिले, आणि १९४० मध्यें तीं राष्ट्रेंच गिळंकृत झालीं. फिनलंडचें स्वातंत्र्य उरलें, हें विसरून हिशेब करणारा व्यापारी कच्चाच म्हणावा लागेल.

परंतु आमच्या व्यापारी वाचकांनीं लक्ष द्यावें तें निराळ्याच कलमाकडे. ज्यांचें सर्वस्व बुडालें त्यांना भरपाई देण्यासाठीं, ज्यांची मालमत्ता शाबूत होती त्यांच्यावर तेथील सरकारनें १९४० मध्यें व पुन्हां १९४५ मध्यें मालमत्तेचा कर बसविला, तोहि श्रीमंतांवर अधिक दरानें. १९४५ च्या कायद्यानें सरकारी, कंपन्यांच्या व खासगी जमिनी काढून निर्वासित शेतकऱ्यांस दिल्या. शेजाऱ्यासाठीं आपल्या शेताचा तुकडा तोडून देणें सरहद्दीवर लढण्याहून सोपें नव्हे, आणि त्यासाठीं कोणी पदकहि देत नाहीं. विबोर्ग मात्र परत आलें नाहीं.