नोटीस पेटीत ठेवू नका



आम्ही बांधावर येतो तेव्हा बोलणे बेण्याचे, पाण्याचे आणि खताचे असते. पण मागच्या दोन-तीन हंगामांपासून एक निराळाच विषय बांधावर निघू लागला आहे. त्यावर चार शब्द लिहिणे आम्हाला आमचे काम वाटते.

बोर धरणाच्या कालव्यावरच्या एका गावात आम्ही खोडव्याची पाहणी करीत होतो. एका वयस्कर सभासदांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. म्हणाले, "साहेब, हे वाचून सांगा बरं जी. बँकेत पैसे ठेवले त् गुन्हा झाला का?"

कागद आयकर खात्याचा होता आणि ती नोटीस नव्हती, आदेश होता. नोटिसा आधीच येऊन गेल्या होत्या, पण त्या ई-मेलवर. पॅन कार्ड काढताना संगणकाच्या दुकानवाल्याने स्वतःचाच ई-मेल टाकला होता. सभासदांना पत्ताच नाही! रस्त्यासाठी जमीन गेली, तिचा मोबदला बँकेत आला, त्याची ठेव केली, ठेवीवर व्याज आले. खात्याने विचारले, हा पैसा कुठला? उत्तर गेले नाही म्हणून एकतर्फी आकारणी झाली. पुढे कुणा मध्यस्थाने "पाहून घेतो" म्हणून पैसे घेतले आणि काहीच पाहिले नाही. आमच्या हाती कागद आला तेव्हा अपिलाची ३० दिवसांची मुदत उलटून दोन महिने झाले होते.

आम्ही शेतकी पदविकावाले. मातीचा अहवाल वाचून दाखवू, पण हा कागद आम्हालाही धड वाचता येईना. त्यांना वर्ध्याच्या एका सी.ए.कडे पाठवले. उशीर माफ करण्याच्या अर्जासह अपील दाखल झाले, ते अजून चालू आहे. वेळेत कुणी वाचले असते तर एका उत्तरात मिटण्यासारखे हे प्रकरण होते.

आता कारखान्यांचेच उदाहरण घ्या. राज्यातील सहकारी साखर कारखाने केंद्राच्या किमान वैधानिक किमतीपेक्षा उसाला जास्त दर देत. आयकर खाते म्हणे की हा वरचा पैसा उसाची किंमत नसून सभासदांना वाटलेला नफा आहे, त्यावर कर भरा. कारखाने म्हणत, हा आमचा कच्च्या मालाचा खर्च आहे. वर्षानुवर्षे हा तंटा चालला. ५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या वाढीव रकमेत नफ्याचा भाग किती ते वेगळे काढून तेवढ्यावरच कर लागेल, आणि प्रकरणे तपासणीसाठी परत पाठवली. त्याआधी २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची किंमत खर्च म्हणून धरण्याची तरतूद केली होती. ती २०१६-१७ या आकारणी वर्षापासून लागू झाली. मागच्या वर्षांचा प्रश्न तसाच होता. तो २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवला. त्यातून सुमारे १० हजार कोटींचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले.

कारखान्यांची बाजू टिकली, कारण त्यांच्यापाशी हिशेबनीस होते, वकील होते, जपून ठेवलेले कागद होते, बोलायला संघ होता. एकट्या सभासदाजवळ यातले काय आहे? ज्या लढ्यात कारखान्याला वकील लागला, त्याच खात्यापुढे सभासदाने एकट्याने उभे राहावे, हे आम्हाला पटत नाही.

"शेतीला इन्कमटॅक्स नाही, मंग नोटीस कायची?" असे पुष्कळजण विचारतात. उसाचे बिल हे शेतीचे उत्पन्न, त्यावर आयकर नाही, हे खरेच. पण त्या पैशाच्या ठेवीवरचे व्याज शेतीचे उत्पन्न नव्हे. ट्रॅक्टर-ट्रॉली लावून दुसऱ्यांचा ऊस वाहिला तर ते भाडेही शेतीचे नव्हे. ठेकेदाराच्या बिलातून पॅन असल्यास १ टक्का आणि नसल्यास २० टक्के कपात होते. पुष्कळांचे एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेत असते, म्हणजे हा पैसा त्यांचाच. पण विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही, आणि आपले वाहतूकदार बंधू ते भरत नाहीत. दरसाल आपला पैसा आपणच सोडून देतो.

जमिनीच्या मोबदल्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. समृद्धी महामार्गाला आपल्या जिल्ह्यातील जमीन गेली, धरणाला आणि कालव्यांना त्याआधी गेली. १९६१ च्या आयकर कायद्यात ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरलेली नाही, म्हणून तिच्या किमतीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ग्रामीण कुठली? नगरपालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, आणि १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर, तेही सरळ हवाई अंतराने, याच्या बाहेरची. २०११ च्या जनगणनेत वर्धा आणि हिंगणघाट ही दोन्ही शहरे लाखाच्या थोडी वर होती, म्हणजे त्यांना ६ किलोमीटर. आर्वी, पुलगावला २. जमीन आतल्या पट्ट्यात असली तरी सक्तीने संपादन झाले आणि त्याआधी दोन वर्षे ती वाहितीत होती, तर माफी आहे. संमतीने भाव ठरला म्हणजे संपादन सक्तीचे राहिले नाही, असे खाते म्हणे. केरळातील एका प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. मात्र तिथे संपादनाची कारवाई आधी सुरू झाली होती. थेट खरेदीच्या जमिनीला हा निकाल लागू पडतो का, हे कागद पाहूनच कळेल. सांगायचे एवढेच की एका किलोमीटरवर आणि एका तारखेवर लाखोंचा फरक पडतो. ते ठरवणे चहाच्या टपरीवरचे काम नाही.

आणि गप्प बसण्याची किंमत? बँकेतल्या रकमेचा खुलासा झाला नाही तर ती अघोषित उत्पन्न ठरते. २०१६ च्या दुरुस्तीने अशा रकमेवरचा कर ६० टक्के केला होता, अधिभार वेगळा.

म्हणून आमचे मत असे की कारखान्याने महिन्यातून एक दिवस प्रत्येक गट कार्यालयात करसल्लागार बसवावा. काही मंडळी म्हणतील, कारखान्याचे काम साखर काढणे, सभासदांचे कर सांभाळणे नव्हे. पण माती परीक्षण तरी साखर काढण्याचे काम आहे काय? सभासद टिकला तर ऊस टिकेल म्हणून आपण ते करतो. ज्याच्या खात्यावर वसुली लागली, तो पुढच्या साली लागण कशी करील? सल्लागाराचे एका दिवसाचे मानधन कारखान्याला जड नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनीच हा विषय मांडावा, संचालक मंडळ त्याचा विचार करील असा आम्हाला भरवसा आहे.

सेवाग्राम आपल्या जिल्ह्यात आहे. बापू स्वतः बॅरिस्टर. १९१७ साली चंपारणात त्यांनी वकील मंडळींना सांगितले की तुमच्या कायद्याच्या ज्ञानाची मला फारशी गरज नाही, लिहून घेणारे आणि भाषा समजावून देणारे हवेत. आपल्यालाही पहिल्यांदा तेवढेच हवे आहे, कागद वाचून सांगणारा माणूस.

तोवर काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. पॅनला जोडलेला ई-मेल आणि मोबाईल कुणाचा आहे ते आजच पाहा, दुकानवाल्याचा असेल तर बदलून घ्या. पॅन आधारला जोडा. सातबारा, उसाची बिले, कापसाच्या पट्ट्या आणि मोबदल्याचे कागद एका पिशवीत ठेवा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर दस्तऐवज क्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासला की पत्र खरे की खोटे ते कळते. मध्यस्थाला पैसे देण्याआधी हे करा. आदेश विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील करा. १९६१ च्या कायद्यात पहिल्या अपिलाची फी २५० ते १००० रुपयेच होती. तिथे न्याय मिळाला नाही तर न्यायाधिकरणाचे खंडपीठ नागपुरात आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे सभासद आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. जुन्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात. तेव्हा ऐकीव कलमांवर विसंबू नका.

काणीचा चाबूक दिसला की आपण त्यावर पोते घालतो आणि बेट मुळासकट उपटतो. पुढच्या आठवड्यात पाहू, असे कुणी म्हणत नाही. नोटिशीचेही तसेच करा. पेटीत ठेवली म्हणजे ती मिटत नाही, तिची मुदत तेवढी संपते.

बांधावर भेटूच. कागद असेल तर संगती आणा, लाजू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी