उडवलेले रोहित
हिवाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणकडे, रोहित पक्षी येतात. नावेतले कॅमेरेवाले नावाड्याला म्हणतात, "मामा, अजून जवळ घ्या, उडताना पाहिजेत." लाल-काळे पंख उघडले की फोटो झकास येतो, हे खरंच. पण रोहित जागेवरून उडत नाही, पाण्यावर धावत जाऊन उठतो. तेवढा वेळ चरणं बंद, ताकद खर्च. आणि दिवसभरात अशा नावा किती! दोष नावाड्याचा कमी, गिऱ्हाइकाचा जास्त.

इंजिन बंद करून, सूर्य पाठीशी घेऊन तासभर बसा ना. डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवत थवा चरत चरत कधी कधी स्वतःच जवळ सरकतो. उर्दूतला सब्र हा शब्द मला इथे कॅमेऱ्याच्या लेन्सइतकाच कामाचा वाटतो.

घरट्याचे फोटो त्याहून वाईट. आडवी फांदी तोडून पिलं उघडी केली की कावळ्याला, शिक्र्याला वाट सापडते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं 'शिकार' या व्याख्येतच घातलंय. अशा फोटोखाली 'वाह' लिहिणाऱ्यांनी आधी विचारावं, फांदी कुणी बाजूला केली?