क्रीम रंगाचा लेगो

सुरतेच्या महिधरपुऱ्यातल्या हिरेबाजारात माझा मावसभाऊ पांढऱ्या कागदावर हिरा ठेवून त्यातली पिवळसर झाक ओळखतो. झाक वाढली की भाव पडला. गेल्या खेपेस याच गृहस्थाने मावशीचा बिस्किटांचा डबा पुढ्यात ठेवला. आत खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटा. म्हणाला, "क्रीम रंगाचा लेगो दुर्मिळ असतो म्हणे, एक व्यापारी मागतोय. धुऊन, रंगवार लावून द्यायच्या."

मी दोन चिकटलेल्या विटा ओढून वेगळ्या केल्या. झाकलेला भाग पांढराशुभ्र! क्रीम कसला डोंबलाचा? उन्हाने पिवळी पडलेली पांढरी वीट ती. आतला आकडाही त्या व्यापाऱ्याने साल म्हणून खपवला होता. तो साच्यातल्या खणाचा असतो.

मित्रहो, प्लॅस्टिक म्हटले की आपण नाक मुरडतो. समई, पितळी तांब्या तेवढा वारसा! आणि मग असले लोक आपल्याला वारसा शिकवतात.

मावशी ठामपणे सांगते, डबा म्हापशाचा, पोर्तुगिजांच्या काळातला. आता विटेला विचारू. डेन्मार्कच्या लेगोने 1949 साली, इंग्लंडच्या किडिक्राफ्टच्या विटेवरून, सेल्युलोज अॅसिटेटच्या विटा काढल्या. खालून नुसत्या पोकळ. आतल्या नळ्यांच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958चा. 1963पासून एबीएस हे टणक प्लॅस्टिक आले. अॅसिटेट वर्षांनी वाकते, कधी व्हिनेगरसारखा वास मारते. मावशीच्या बहुतेक विटा नळ्यांच्या, कडा सरळ, एबीएसच्या. म्हणजे डिसेंबर 1961नंतरच्या. मामा कुवेतला होते, त्यांनीच पाठवल्या असाव्यात. मावशी रुसली, असो.

पण तळाशी चार विटा वेगळ्या निघाल्या. पोकळ, नळ्या नाहीत, केळीच्या सालीसारख्या वाकलेल्या. लेगोच्या की दुसऱ्या कोणाच्या, सांगता येत नाही. मुक्तीपूर्वी खनिजाच्या पैशावर विलायती माल गोव्यात येत होता, तेव्हा या चार त्या काळच्या असू शकतात. मावशी चारांपुरती खरी! हे कळले ते सगळ्या एकाच डब्यात राहिल्या म्हणून. रंगवार लावून गरम पाण्यात घातल्या असत्या, तर अॅसिटेट आणखी वाकले असते आणि चौघी चार ढिगांत गेल्या असत्या.

भावाला म्हटले, हिऱ्याची पुडी अशी कोणाला मिसळू देशील का रे? तो काही बोलला नाही. भिंग घेऊन खिडकीशी गेला. डबा मी मागून आणला आहे, न धुता.