बक्षिसांच्या वाटणीतील गणित

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदिया शहरातील एका घरावर छापा घालून कोट्यवधी रुपयांची रोकड आणि सोनेचांदी जप्त केली. ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार त्यामागे होती. हे व्यसन महानगरांपुरतेच आहे, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावातही मोबाइल हाती आला आहे. आणि त्याबरोबर मोहही.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. हे योग्यच झाले. परंतु परदेशांतून चालणारे असे खेळ कायद्याच्या हाती सहज लागत नाहीत. म्हणून मोहाचे मर्म जाणून घेणे अगत्याचे ठरते. पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा हा त्या मोहाचा सभ्य दिसणारा अवतार होय, आणि त्याचे मर्म बक्षिसांच्या वाटणीत आहे.

समजा, दहा खेळाडूंनी प्रत्येकी ११० रुपये भरले. त्यांपैकी दहा-दहा रुपये चालकाचे; उरलेले १,००० रुपये बक्षिसांचे. एका प्रकारात ही सारी रक्कम पहिल्यालाच मिळते. दुसऱ्यात पहिल्या तिघांना ५००, ३०० व २०० अशी वाटणी होते. तिसऱ्यात निम्म्या खेळाडूंना प्रत्येकी २०० रुपये मिळतात. चौथ्यात निम्मी रक्कम क्रमांकांवर, तर निम्मी प्रतिस्पर्ध्यांना बाद करण्यावर ठेवलेली असते. पाचव्यात रोख रक्कम मिळतच नाही. अधिक मोठ्या स्पर्धेचा प्रवेश तेवढा पदरी पडतो. शेकडो खेळाडूंच्या स्पर्धांत बहुधा दहा-पंधरा टक्क्यांनाच काही मिळते, आणि त्यांतील तळाच्यांना भरलेल्या रकमेहून थोडेसेच अधिक.

यांत सर्वांत निर्धोक वाटतो तो तिसरा प्रकार, कारण तेथे दोघांपैकी एक जिंकतो. परंतु जिंकणाऱ्यास नव्वद रुपये लाभतात आणि हरणाऱ्याचे एकशेदहा जातात. केवळ मुद्दल राखावयाचे तर वीस स्पर्धांपैकी अकरा जिंकल्या पाहिजेत. वाटणीच्या तऱ्हेने हरणाऱ्यांची संख्या बदलते, लाभाचे आकडे बदलतात. मात्र अकराशे भरून हजारच परत येतात, हे कोणत्याही प्रकारात बदलत नाही.

कौशल्याने ही तूट भरून काढता येते, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला होता. परंतु कुशलाचा लाभ हा अकुशलाच्या खिशातूनच येतो. प्रत्येक जण स्वतःला कुशल समजतो, आणि नेमक्या याच समजुतीवर चालकाचा धंदा चालतो.

शाळांतून संभाव्यता शिकवितांना फासे आणि पत्ते यांचीच उदाहरणे दिली जातात. त्यांच्या जोडीला हे अकराशे रुपयांचे उदाहरणही फळ्यावर मांडले जावे. पगारातून महिन्याकाठी दोनचारशे रुपये बाजूला काढणाऱ्या कारकुनालाही ते उपयोगी पडेल. बंदीचा कायदा सरकारने केला आहे. त्यामागील गणित समजावून देण्याचे काम शिक्षकांचे आहे.