कार्बोरेटर गेला, दुरुस्तीचे काय?

मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली. कुर्ल्यात तयार झालेल्या या गाडीत फियाटच्या आराखड्यावरचे १,०८९ सीसीचे इंजिन असे. तिची आठवण निघाली की 'जुनी इंजिनेच बरी होती' हे वाक्यही येते. त्यात तथ्य किती, ते पाहायला हवे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जुन्या गाडीत हे मिश्रण कार्बोरेटर करत असे. इंजिनाने ओढलेली हवा त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते. तिथे दाब उतरतो आणि 'जेट' नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल खेचले जाते. जेटमध्ये कचरा अडकला, तर रस्त्याकडेचा मेकॅनिक कार्बोरेटर उघडून, फुंकर मारून गाडी सुरू करून देई.

पण छिद्र ठरावीक मापाचे असते आणि हवामान बदलते. म्हणून थंडीत सकाळी चोक ओढावा लागे. महाबळेश्वरला हवा विरळ. तिथे त्याच जेटमधून प्रमाणापेक्षा जास्त पेट्रोल जाई, धूर वाढे, मायलेज घटे. उन्हाळ्यात घाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे आणि पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहावी लागे.

खरा निकाल लागला तो धुराच्या प्रश्नावर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही तिन्ही एकदम निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारी नळकांडी, मिश्रण अचूक असेल तरच नीट काम करतो. त्यासाठी धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि त्यानुसार क्षणोक्षणी पेट्रोल कमीजास्त करणारा संगणक लागतो. साध्या कार्बोरेटरला हे जमणारे नव्हते. शहरातल्या माणसाच्या फुफ्फुसांचा विचार केला, तर कार्बोरेटर गेला हे योग्यच झाले.

मात्र त्याच्याबरोबर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचे कामही जाऊ लागले, ते मान्य करता येणार नाही. आज बिघाड संगणकातून वाचावा लागतो आणि ते वाचण्याची साधने बहुतांशी कंपन्यांच्या हाती आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच मुद्द्यावर १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांनाही मिळावीत, असा तो आदेश होता. त्याची कसून अंमलबजावणी सरकारने करून घ्यावी.